पाचवा ढीग

२ ऑगस्ट

कचऱ्याचा डबा आज उलटा केला. व्हरांड्यात, जुन्या पेपरावर. आणि बसलो समोर मांडी घालून.

रुखमा दारात आली. बघत राहिली. म्हणाली, "अजी, रिटायर झाले म्हणून आता हे करता का?"

करतो! एवढी वर्षं कारखान्यात फिटर होतो. तिथे लोखंडाचा कीसही कुठे जातो ते ठाऊक असायचं. घरातून रोज काय बाहेर जातं ते मात्र कधी पाहिलं नाही. सकाळी घंटागाडी येते, बायको डबा नेते, रिकामा आणते. संपलं. आता याच महिन्यात हे क्वार्टर खाली करून द्यायचं आहे, सगळं घर उपसायचं आहे. तर आधी एवढं तरी कळावं की या घरातून निघतं काय.

निघालं ते असं. माझ्या खर्ऱ्याच्या, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या, पन्न्या. अजून पन्न्या. माझं दाढीचं ब्लेड. माझ्या बीपीच्या गोळ्यांचं रिकामं पाकीट. बिस्किटाचा कागद — मीच. फुटका कप — तोही माझ्याच हातून. आणि तळाशी शाम्पूच्या दोन पुड्या, त्या तिच्या.

भाजीची सालं नाहीत. चहाचा चोथा नाही. दुधाची पिशवी एकही नाही!

"सालं कुठे जातात?" विचारलं.

"गाईले."

"कोणाच्या?"

"येते एक. तिची-माझी ओळख आहे."

चोथा गुलाबाला. दुधाच्या पिशव्या धुऊन तारेवर, मग दूधवाल्याकडे. म्हणजे या घरचा कचरा म्हणजे मी. हे काही पटलं नाही. काडीनं पुन्हा उलथून पाहिलं. बरोबरच आहे.

(ही डायरी कुठल्याशा जुन्या वर्षाची, कोरी राहिलेली. वार जुळत नाहीत. तारखा खऱ्या, वार खोटे. टाकण्यापेक्षा बरं.)

३ ऑगस्ट

ठरलं. घंटागाडीत जाईल ते अगदी शेवटचं. व्हरांड्याच्या फरशीवर खडूनं चार चौकोन काढले — गाव, द्यायचं, भंगार, कचरा. घरातली एकेक वस्तू हातात घ्यायची आणि चारपैकी एकात ठेवायची. पाचवी जागा नाही!

पोळ्याच्या आदल्या दिवशी टेम्पो सांगितला आहे. नाकाडोंगरीच्या अलीकडे आमचं गाव. वडिलांच्या दोन खोल्या, पुढे ओटा, ओट्यासमोर तळं. शेजारी धाकटा भाऊ केवळराम, शेती तोच पाहतो. नोकरीत असताना कितीदा मनात आणलं — सकाळी ओट्यावर बसलोय, तळ्यावर पाखरं उतरताहेत, रुखमानं चहा आणून दिलाय. आता ते खरंच होणार. बस, तेवढंच पाहिजे. आम्ही दोघं, आणि लागेल तेवढंच सामान.

रुखमाला सांगितलंच आहे. ती हो म्हणाली नाही, पण नाहीही म्हणाली नाही. तिचं असंच असतं. तिच्याशिवाय माझा तिथे एक दिवसही निघणार नाही, हे तिला न सांगता कळतं.

चौकोन पाहून म्हणाली, "माझं काही असलं तं?"

"म्हणजे?"

"असलं तं कुठं ठेवू?"

"गाव लिहिलंय ना तिथे!"

गेली पोळ्या लाटायला.

५ ऑगस्ट

आपला कचरा आपण कमी करायचा म्हणून पानठेल्यावर स्टीलची डबी घेऊन गेलो. म्हटलं, खर्रा यात दे, पन्नी नको.

पोऱ्या हसला. पण देतो म्हणाला. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत टाकला, पन्नी फळीवर धरून रगड रगड रगडला. मग पन्नी उघडून खर्रा माझ्या डबीत ओतला. आणि पन्नी दिली खाली फेकून!

"अरे, मग फायदा काय?"

"काकाजी, पन्नीबिगर खर्रा घोटल्या जात नाही. तुम्ही डबी आणा का हंडा आणा."

खरं आहे. विचार करत घरी आलो. तळहातावर घोटता येईल का? सुपारी फार टणक. जुन्या टायरची ट्यूब? एक तुकडा कापून पाहिला. घोटला जातो, पण चव सायकलची येते.

रुखमा म्हणाली, "सोडून द्या म्हटलं तं टायर खाऊन राहिले."

७ ऑगस्ट

मोरीजवळचं कपाट उपसलं. बाटल्याच बाटल्या. फिनेल, अ‍ॅसिड, निळं पाणी, काचेचं वेगळं, फरशीचं वेगळं. बहुतेक मीच आणलेल्या, कँटीनमध्ये काही नवीन दिसलं की घ्यायचो. अर्ध्याअधिक भरलेल्या. रुखमानं हात लावलेला नाही. ती पितळेला चिंच, नळाला लिंबाचं साल, आरशाला ओला पेपर.

म्हटलं, पाहूच. पितळी लोटा घेतला. खडूनं तीन पट्टे आखले. एकावर चिंच, एकावर लिंबू-मीठ, एकावर विकतची पावडर. सारखे रगडे, सारखा वेळ. कारखान्यात असाच तपास करायचो.

लिंबानं आधी चमक आणली. पावडरीनं सगळ्यात पांढरट. चिंच मागे पडली, मला वाटलं हरली. संध्याकाळी पाहतो तर पावडरीचा पट्टा पुन्हा लालसर व्हायला लागलेला, आणि चिंचेचा तसाच, अंगचाच पिवळा! पाण्यानं नीट न धुतल्यानं झालं असेल का? उद्या पुन्हा करून पाहीन.

"तीन रंगाचा लोटा," रुखमा म्हणाली. "आता सत्यनारायणाले कोणता रंग समोर करू?"

पण हसली. बऱ्याच दिवसांनी.

८ ऑगस्ट

पुन्हा केलं. चिंचच.

९ ऑगस्ट

राखी. बहिणीची टपालानं आली. राखीपेक्षा पाकीट मोठं, पाकिटात पुठ्ठा, पुठ्ठ्यावर प्लास्टिक. सोडवत बसलो.

खुशबूचा नागपूरहून फोन. मुलगी माझी, पण फोन आईला असतो. आज मी उचलला. सगळी चौकशी झाली. मग म्हणाली, "बाबा, आईनं सांगतलं का तुम्हाले?"

"काय?"

"काही नाही. ती सांगीन."

काय असेल? दिवाळीला जावई मोटारसायकल घेणार असतील. रुखमाला विचारलं तर म्हणे, "खुशबू अशीच बोलते."

१० ऑगस्ट

आज भांडी. सगळी अंगणात काढली, दोन टपं भरली. आणि एक गंमतच सापडली — भांड्यांवरची नावं! रोज जेवतो त्यात, पण वाचली कधी?

वाटीवर माझ्या आत्याचं नाव, जाऊन किती वर्षं झाली. परातीवर रुखमाच्या मामाचं. एका पेल्यावर कोणी एक "गोमाजी, चिखला" — हा कोण? दोघांनाही आठवेना. चिखल्याच्या खाणीत कामाला असणारा लग्नात कोणीतरी आला, पेला देऊन गेला, आणि इतकी वर्षं आम्ही त्याच्या नावानं पाणी पितोय. मला फार विचित्र वाटलं. त्याला कळवता आलं असतं तर बरं झालं असतं.

मी भांडी आकारानं लावत होतो. रुखमा माझ्या मागून येऊन नावानं लावत होती. माहेरच्या नावाची एका टपात. माझ्याकडची, आणि मला निवृत्तीला मिळालेली, दुसऱ्यात.

"असं कशाला? झाकणं जुळणार नाहीत."

"जुळतीन."

बायकांची पद्धत! असू दे.

११ ऑगस्ट

भंडाऱ्याला गेलो, कासाराकडे. फुटका पितळी गुंड मोडीत दिला. पाणी भरायचा तो, पोटाला भोक, माळ्यावर उलटा पडून होता. नक्की भंगारातला. पण पितळ भंगारवाल्याला कशाला? या गावचे लोक पिढ्यानपिढ्या पितळच वितळवताहेत.

कासाराला विचारलं, आता याचं काय होईल? म्हणाला, "भट्टीत जाईन. मंग भाताचा गंज होईन, नाही तं समई होईन, काही होईन."

"आणि त्याच्या आधी हा काय होता?"

"थे कोण सांगन, काका? तुमच्या आज्याचा लोटा असन यात."

वा! म्हणजे भंडाऱ्यातलं पितळ फिरतंच आहे. कोणाची घागर कोणाची घंटा झाली, पत्ता नाही. कचरा म्हणून काही उरतच नाही. येताना मोडीच्या बदल्यात एक छोटं पातेलं आणलं, गावी दोघांच्या चहापुरतं. बसमध्ये मांडीवर धरून बसलो, खूश होतो.

रुखमानं पातेलं पाहिलं. माळ्याकडे पाहिलं. जेवण वाढलं, स्वतः जेवली नाही.

१२ ऑगस्ट

रुखमा सकाळच्या बसनं एकटी भंडाऱ्याला गेली. दुपारी गुंड घेऊन परत! भोकाचा, तोच. पातेलं परत देऊन आली.

"अगं, भंगार कोणी परत घरी आणतं का?"

"बाबानं देल्ला होता."

आंदणातला होता तर. नाव घासून गेलेलं, मला कसं दिसणार? मला वाईट वाटलं, तसं म्हटलंही. म्हटलं, भोक बुजवून घेऊ, गावी नेऊ, तळ्याच्या पाण्यानं भरून ओट्यावर ठेवू, छान दिसेल.

तिनं माझ्याकडे रोखून पाहिलं. का पाहिलं ते कळलं नाही.

१४ ऑगस्ट

पाचवा ढीग!

मधल्या खोलीत, कोपऱ्यात, चादरीखाली. खडूचा चौकोन नाही, नाव नाही. काल नव्हता. की होता?

"यात काय आहे?"

"राहू द्या ते."

"गावचं आहे का द्यायचं?"

"तुम्ही तुमचे चार पाहा ना जी."

माझ्या स्वभावाला हे अवघड आहे. चादरीवरून दाबून पाहिलं. काहीतरी गोल, कडक. तवा असावा. खुशबूला द्यायचं असणार. मायलेकींचं काहीतरी शिजतंय, हे राखीच्या दिवशीच लक्षात आलं होतं. मला चकित करायचं असेल. तर मग मी चकित होईन. चादर उचलणार नाही.

१५ ऑगस्ट

झेंडावंदनाला गेलो, पेन्शनरांच्या रांगेत उभा. परतताना रस्त्यावर पडलेले कागदी झेंडे गोळा केले. शेजारचे कृष्णराव म्हणाले, "मधुकरराव, आता सफाई खात्यात लागले का?"

१६ ऑगस्ट

पिंजारी आला होता. आमच्या डबल गादीचा कापूस पार गठ्ठा झालेला. तो मोकळा करून पुन्हा भरायचा. नवी गादी घेण्यापेक्षा किती छान! धुनकीचा आवाज, अंगणभर कापूस, मी नाकाला रुमाल बांधून शेजारीच. कापूस किती वेळा पिंजला तरी चालतो म्हणाला. मी विचारलं, शेवटी काय होतं त्याचं? तोही विचारात पडला. म्हणाला, "शेवट पाह्यला नाही अजून."

पण रुखमानं डबल गादीच्या दोन सिंगल करून घेतल्या.

"दोन काहून?"

"उचलाले सोपं जाते."

एवढी वर्षं एकीवर झोपलो, आणि आता गावी गेल्यावर रेल्वेच्या डब्यासारखं? पण उन्हात टाकायला सोपं, हे खरं. तिच्या बोलण्यात चूक काढता येत नाही. तरी दिवसभर मनात तेच राहिलं.

१७ ऑगस्ट

भंगारवाला. तराजू घेऊन चौकोनाजवळ उकिडवा बसला. काय घेतो, काय नाही, हे पाहायला मी स्टूल टाकून बसलो. लोखंड, पत्रा, रद्दी, बाटल्या, मिक्सरचं भांडं — घेतो. थर्माकोल नाही. काचेचे तुकडे नाही. ट्यूबलाइट नाही. कॅसेटा नाही. खुशबूची बाहुली पाहून म्हणाला, डोकं वेगळं द्या, हातपाय वेगळे द्या, प्लास्टिक दोन जातीचं आहे. मी दिली नाही. द्यायच्या चौकोनात ठेवली.

शिलाई मशीनकडे हात केला, जुनं लोखंडी, पायाचं. म्हटलं, घेऊन जा, गावी कुठे लागणार, डोळे तिचे आता —

रुखमा आतून आली. मशीनवर हात ठेवून उभी राहिली. म्हणाली, "हे नाही."

"पण टेम्पोत जागा —"

"टेम्पोत जातच नाही ते."

भंगारवाल्यानं माझ्याकडे पाहिलं. मी स्टूलकडे.

१८ ऑगस्ट

दुपारी बाजारातून आलो तर मशीन नाही. खाट नाही. माहेरच्या नावाचं टप नाही. गुंडही नाही. विचारलं तर म्हणाली, "टीनाच्या आईकडे ठेवलं."

टीनाची आई म्हणजे तिची भिशीतली मैत्रीण, दुपारी दोघी मिळून पिशव्या शिवतात. कॉलनीच्या गेटाबाहेर राहते. तिच्याकडे कशाला? रुखमा म्हणाली, "उद्या बोलू."

झोप लागली नाही.

१९ ऑगस्ट

चादर मी उचलली नाही. तिनंच उचलली. सकाळी, चहा झाल्यावर.

तवा एक. कुकर, छोटा. ताट एक, वाट्या, पेला — सगळ्यांवर माझं नाव, निवृत्तीचे. सिंगल गादी, सुतळीनं बांधलेली. तिच्या जुन्या लुगड्यांची गोधडी. चहाचा डबा, साखरेचा डबा, मिठाचा. गोळ्यांची डबी, सकाळच्या एका कप्प्यात आणि रात्रीच्या दुसऱ्यात. तांदूळ मोजायची वाटी. तिला आतून सुईनं रेघ ओढलेली, कुठवर भरायची त्याची.

"हे कोणाचं?"

"तुमचं."

"आणि तुझं?"

"माझं गेलं काल. टीनाच्या आईच्या बाजूले एक खोली भेटली. मशीन बसते, खाट बसते. फाटक्या कपड्याच्या पिशव्या शिवतो आम्ही दोघी, तुमाले माहीतच आहे. थे चालू ठेवीन."

मला वाटलं, थोड्या दिवसांसाठी. म्हटलं, "मग गावी कधी येशील?"

"मी नाही येत. तुम्ही जा. तुमचं मन आहे तिथं."

"काहून? तळं आहे, हवा आहे, आपलं घर —"

"तुम्ही थे घर सुटीत पाह्यलं," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "मी सात वर्ष राह्यली तिथं, तुमाले हे क्वार्टर भेटतवरी. तुम्ही शनिवारी येत, रविवारी ओट्यावर बसत, सोमवारी जात. तळं मलेबी माहीत आहे. डोक्यावर दोन गुंड अन् पोटात खुशबू. पायरीवरून घसरली, तवा बाबाचा गुंड फुटला. तुमाले सांगतलं होतं. तुम्ही म्हटलं, कासाराकडून डाग लावून घे."

मला आठवेना. खरंच आठवेना. तिला मात्र पायरीसुद्धा आठवते.

"आपण भांडलो का?" मी विचारलं.

"नाही जी. भांडलो असतो तं लवकर झालं असतं."

"लोक काय म्हणतील?"

"दोन महिने म्हणतीन. मंग दुसऱ्याचं म्हणतीन."

"तू आधी का नाही सांगितलं?"

"तुम्ही चार चौकोन काढले. मी विचारलं होतं, माझं असलं तं कुठं ठेवू."

राग आला. गादीला लाथ मारावीशी वाटली. मग वाटलं, हिनं हे सगळं बांधलं कशाला? निघायचंच आहे तर निघायचं. तेही विचारलं.

"तुम्ही बांधलं असतं का? मीठ विसरले असते."

२० ऑगस्ट

 ठेल्यावर जाऊन खर्रा खाल्ला. पन्नीतला.

२१ ऑगस्ट

क्वार्टर दिलं. तपासणीला आलेला माणूस खोल्या पाहून म्हणाला, एवढं साफ कोणी देत नाही. चार चौकोन रुखमानं पुसले होते. शेवटी खरा कचरा उरला एक छोटं पोतं — थर्माकोल, काच, ट्यूबलाइट, गोळ्यांची पाकिटं. एवढ्या वर्षांच्या संसाराचं! घंटागाडीवाला म्हणाला, "काकाजी, बस एवढंच?" दुसरा दिवस असता तर मी छाती फुगवून सांगितलं असतं.

झाडू एकच उरला होता. कोणाकडे न्यायचा? ती म्हणाली, "तुम्ही न्या. तिथं लागीन."

टेम्पोत माझं सामान एका कोपऱ्यात मावलं. ड्रायव्हर विचारत होता, बाकीचं कुठून उचलायचं. बाकीचं नाही म्हटलं. ती गेटापर्यंत आली. "गोळ्या," म्हणाली. बस, तेवढंच.

२२ ऑगस्ट

पोळा. केवळरामकडे एकच जोडी उरली आहे आता. बैल तळ्यात धुतले, शिंगं रंगवली. तोरणाखाली सगळं गाव. सगळे विचारतात.

"दादा, वयनी नाही आल्या?" केवळराम.

"येते. थोडं आवरायचं आहे तिचं."

सणाच्या दिवशी सख्ख्या भावाशी खोटं बोललो. पुरणपोळी अर्धी ताटातच राहिली.

२३ ऑगस्ट

आज मारबत. उजाडायच्या आत गाव जागं. दारापुढे काल लावलेल्या पळसाच्या फांद्या उपटायच्या, घरातला फुटका झाडू, तुटकं सूप, जे नको ते घ्यायचं, आणि रोगराई घेऊन जा म्हणत, आरोळ्या ठोकत शिवेपलीकडे फेकून यायचं. लहानपणी मीही ओरडायचो. आज मागोमाग गेलो, लोक काय टाकतात ते पाहायला. झाडू, सुपं, चपला. आणि खताच्या बॅगा, औषधाच्या बाटल्या, फाटकी मोबाइल कव्हरं. शिवेवर उभा राहिलो तेव्हा लक्षात आलं, आमची शीव संपते तिथे पुढच्या गावाची सुरू होते. आमची पीडा पडते ती त्यांच्या वावरात. त्यांची कुठे पडते? पुढच्यांच्या. हे कोणाला कसं सुचलं नाही?

कोणाला सांगावं हे? घरी जाऊन पटकन रुखमाला सांगू असं वाटलं, आणि पाय थांबले.

केवळराम म्हणाला, "दादा, तुमच्या घरातलं काही टाकाचं नाही का?"

"काही नाही उरलं रे," म्हटलं.

नळाची मोटर जळालेली. पाणी तळ्याच्या पाळीखालच्या बोअरिंगवरून. केवळरामची बायको म्हणाली, "राहू द्या भाऊजी, मी आणून देईन." नाही म्हटलं. गुंड दोन, तिच्याकडचेच मागून घेतले. चढ आहे तिथे. गाळ आहे. एक हातात आणि एक खांद्यावर. सांडत सांडत आलो तेव्हा सदरा भिजलेला आणि गुंड अर्धे. आंघोळ झाली, भांडी राहिली. पुन्हा गेलो. मग ओट्यावर येऊन बसलो, चहा करायचंही बळ उरलं नव्हतं. तळ्यावर पाखरं होती की नाही, सांगता येणार नाही. पाहिलंच नाही.

मी एकट्याचं पाणी आणलं. ती आठ माणसांचं आणायची, त्यात माझी आई अंथरुणावर. मी शनिवारी यायचो तेव्हा माठ भरलेला असायचा. कुठून भरला, हे कधी विचारलं नाही. साधं कुतूहल म्हणूनही नाही.

२४ ऑगस्ट

वाटीतल्या रेघेपर्यंत तांदूळ घेतले. बरोबर एका माणसाचा भात होतो. फार रडू आलं.

२६ ऑगस्ट

घराची किल्ली केवळरामला दिली. म्हटलं, शाळेच्या मास्तरला खोली हवी होती ना, त्याला दे. त्यानं कारण विचारलं, खरं ते सांगितलं. तुमसर, भंडारा, गाड्या बदलत संध्याकाळी गेटाबाहेर उतरलो. तिच्या खोलीचं दार उघडंच होतं. रुखमा मशीनवर. माझी पिशवी पाहिली, गादी पाहिली.

"मुक्कामाले आले का राहाले?"

"तू म्हणशील तसं."

हातातली शिवण संपेपर्यंत मशीन थांबवलं नाही. मग धागा दातानं तोडला आणि म्हणाली, "आज मुक्काम करा. उद्याचं उद्या सांगीन."